माझ्या बाजूचा क्लच

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत क्लच दोन असतात आणि ब्रेकही दोन. एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरी डावीकडे बसणाऱ्या मास्तरच्या पायाशी. ॲक्सिलरेटर मात्र एकच, तो शिकणाऱ्याचा. त्यामुळे मास्तरला गाडी पळवता येत नाही, फक्त आवरता येते. डहाणू रोडला स्टेशनच्या पूर्वेला बावीस वर्षं मी हेच करत आलो आहे. या दिवाळी अंकाचे संपादक दर वर्षी म्हणतात, "मास्तर, तुमच्याकडे किस्से असतील, लिहा की." किस्से आहेत. पण लिहायला बसलं की एक गोष्ट आडवी येते आणि ती किस्सा नाही. या वर्षी तीच लिहितो आहे.

त्याआधी धंदा थोडा सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

नवशिक्याला स्टिअरिंगची भीती वाटते, पण त्याला रडवतो तो क्लच. पाय झटकन उचलला की गाडी बेडकासारखी उडी मारते आणि बंद पडते. मागून हॉर्न सुरू होतात, माणूस घामाघूम होतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. म्हणून मास्तर काय करतो, तर आपल्या बाजूचा क्लच हलकेच दाबून धरतो. दोन्ही क्लच एका तारेनं जोडलेले असतात. शिकणाऱ्यानं पाय उचलला तरी माझा पाय खाली आहे तोवर क्लच सुटत नाही. मी तो सावकाश सोडतो, गाडी लोण्यासारखी निघते आणि शिकणाऱ्याला वाटतं, जमलं! यात क्लच प्लेट वाचते, माणूसही टिकतो. हे सगळे मास्तर करतात. कोणी सांगत नाही.

घोलवडच्या एका वाडीवाल्यांच्या घरच्या काकी माझ्याकडे शिकायला होत्या. वय अठ्ठावन्न. पहिल्या दिवशी चौदा वेळा गाडी बंद पडली. दर वेळी त्या माझ्याकडे वळून म्हणायच्या, "मास्तर, आ तो बंध थई गई!" जणू गाडीनंच काही आगळीक केली होती. पाचव्या दिवसापासून गाडी बंद पडेना. काकींनी घरी सांगितलं, हात बसला. चिकूची पेटी आली, पेढे आले. पेढे मी खाल्ले. हात बसला नव्हता, माझा पाय बसला होता. पुढे महिनाभरात मी पाय थोडा थोडा काढून घेतला आणि काकी खरोखर शिकल्या. आजही बाजारात त्यांची गाडी दिसते, मधोमध उभी केलेली.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब होते. ते म्हणाले, "मास्तर, उभा जन्म शेवटच्या डब्यात गेला. पुढे काय असतं ते बघायचंय." त्यांच्याही बाबतीत पाय घातला आणि काढला. पाय कधी घालायचा हे कोणालाही येतं. कधी काढायचा, ती मास्तरकी. हे वाक्य मी स्कूलच्या नव्या मास्तरांना ऐकवत असे. अभिमानानं ऐकवत असे.

सविता माझ्याकडे आली ती २०१५ च्या दिवाळीनंतर. तलासरीची. वय सव्वीस. तिचे वडील पिकअप चालवायचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा एकोणिसाव्या वर्षी तिनं पिकअप हातात घेतली आणि घोलवडहून चिकूचे खोके, उधव्याकडून गवताचे भारे, जे मिळेल ते वाहू लागली. हायवेच्या ढाब्यांवरचे ट्रकवाले आधी हसले, मग वाट द्यायला लागले. अशा बाईला माझ्याकडून काय शिकायचं होतं, हे मला कळेना.

"मास्तर, तुम्ही रेसच्या गाड्यांवर होता ना?" तिनं विचारलं.

होतो. विशीत सहा वर्षं मी दक्षिणेत एका शर्यतीच्या गॅरेजात मेकॅनिक होतो. शर्यत कधी चालवायला मिळाली नाही. सकाळी गाडी गरम करायला दोन फेऱ्या मारायच्या आणि खाली उतरून दुसऱ्याला बसवायचं. पण त्या दोन फेऱ्यांत मी बघून बघून एक गोष्ट शिकलो होतो, आणि सविताला नेमकी तीच हवी होती. सीमेपलीकडे गुजरातेत टायर तपासणाऱ्या एका कंपनीचा ट्रॅक होता. त्यांना तपासणीच्या गाड्या चालवणारी माणसं हवी होती, बायकाही चालणार होत्या. पगार, विमा, राहायला खोली. चाचणी एकदाच, नापास झाल्यावर पुन्हा संधी नाही. अर्जात लिहिलं होतं की वळणाआधी गिअर बिनहिसक्याचा उतरवता आला पाहिजे. त्यामागे कारण होतं. टायर किती झिजला हे ते मिलिमीटरच्या भागात मोजतात. चालवणाऱ्याच्या पायानं हिसके बसले तर टायर वळणामुळे झिजला की पायामुळे, हे कळत नाही.

ते तंत्र असं. गाडी चौथ्या गिअरमध्ये वेगानं येते आहे, पुढे वळण आहे, वळणातून बाहेर पडायला तिसरा गिअर हवा. रस्त्यावर आपण गाडी पुरती मंदावू देतो, मग निवांत गिअर टाकतो. ट्रॅकवर हे सगळं ब्रेक दाबलेला असतानाच आणि स्टिअरिंग वळवायच्या आधी उरकायचं असतं. आधी सरळ रेषेत ब्रेक. मग क्लच दाबून खालचा गिअर. आता गंमत अशी, की त्याच वेगाला खालच्या गिअरमध्ये इंजिनाला जास्त फिरावं लागतं, आणि क्लच दाबलेला असताना ते तर मंदावलेलं असतं. तसाच क्लच सोडला तर मंद इंजिन पळत्या चाकांना धरून ठेवतं. गाडीला हिसका बसतो, रस्ता ओला असेल तर चाकं घसरतात. म्हणून क्लच सोडण्याआधी ॲक्सिलरेटरला एक टिचकी द्यायची, म्हणजे इंजिन चाकांच्या बरोबरीला येतं. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी दोन पावलं एसटीबरोबर धावतो, मग पायरीवर पाय ठेवतो. तसंच हे. न धावता पाय ठेवला तर फरफटत जाईल.

अवघड एवढंच, की उजवा पाय ब्रेकवर अडकलेला असतो.

"मग रेस कशानं देऊ, मास्तर? तिसरा पाय आहे का मला?"

"पाय दोनच. चवडा ब्रेकवरच राहू दे, घोटा वाकव आणि पायाच्या कडेनं रेसला टिचकी दे."

"भांडी घासताना पायानं मांजर हाकलतो तसं?"

"अगदी तसं. फक्त मांजर पळालं पाहिजे, मेलं नाही पाहिजे."

तलासरीच्या बाहेर प्लॉट पाडलेली एक जागा होती. कारखाने आले नव्हते, रस्ते तेवढे झाले होते. तिथल्या वॉचमनला सांगून आम्ही रविवारी सकाळी माझी स्कूलची गाडी न्यायला लागलो. पहिल्या दोन रविवारी गाडीनं इतके हिसके खाल्ले की वॉचमन खुर्ची घेऊन रस्त्याच्या कडेला येऊन बसला. "मास्तर, बाई शिकतेय की गाडी मोडतेय?" असं ओरडून विचारायचा.

सविताची चूक एकच होती. टिचकी ती नीट द्यायची, पण डावा पाय झटक्यात उचलायची. वजनदार पिकअपच्या कडक क्लचवर घडलेला पाय होता तो. वेळ दिला असता तर सुधारला असता.

तिसऱ्या रविवारी हिसके थांबले. वॉचमन म्हणाला, "आता आवाजच येत नाय!" सविता हसली. मीही हसलो. माझा डावा पाय माझ्या बाजूच्या क्लचवर होता.

कधी ठेवला, ते सांगू शकत नाही. पहिल्या वेळी गिअरबॉक्सची काळजी म्हणून ठेवला असेन. दुसऱ्या वेळी तो तिथेच होता. पण गाडी वळणात अशी शिरली, जशी मी विशीत शिरताना बघत होतो, आणि शेजारी बसून मला वाटलं की हे मी चालवतो आहे. खरंच मी चालवत होतो, अर्धं तरी. काकी आणि गार्डसाहेब यांच्या वेळी पाय काढायची घाई असायची, कारण पुढचं गिऱ्हाईक थांबलेलं असायचं. इथे काढावासा वाटला नाही.

सविता साधी मुलगी, पण पायानं बहिरी नव्हती. तिनं विचारलं, "मास्तर, या गाडीचा क्लच उशिरा वर येतो का? माझा पाय आधी येतो, पेडल मागून येतं."

"केबल जुनी आहे," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी तिनं पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा केबल सांगितली. मग तिनं विचारणं सोडून दिलं. मास्तर म्हणतात म्हणजे केबल.

चाचणी २०१६ च्या सुरुवातीला झाली. मी बरोबर गेलो होतो, तिच्या वडिलांनी विनंती केली म्हणून. त्यांना स्वतःला नीट दिसत नव्हतं. ट्रॅकच्या कडेला पत्र्याची शेड होती. तिथे कंपनीचा सुपरवायझर, दोन इंजिनियर आणि इतर उमेदवारांबरोबर आलेली माणसं, मला सोडून सात जण उभे होते. कोरड्या ट्रॅकवर सवितानं गाडी चांगली चालवली. एक-दोन हिसके बसले, पण ते इतरांनाही बसत होते. सुपरवायझरनं कागदावर काही लिहिलं आणि मान हलवली. मग ट्रॅकवर पाणी सोडलं.

ओल्या ट्रॅकच्या दुसऱ्या फेरीत, आखूड वळणाआधी, तिनं तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकला. इंजिनाचा आवाज शेडपर्यंत आला. टिचकी बरोबर होती. मग डावा पाय वर आला, झटक्यात, तिच्या सवयीचा. त्या गाडीत दुसरा क्लच नव्हता. पुढची चाकं धरली गेली आणि गाडी स्टिअरिंगचं न ऐकता सरळ गेली, टायरांच्या भिंतीत. फार मोठा आवाजही झाला नाही. सविता स्वतः दार उघडून उतरली, डावं मनगट उजव्या हातात धरून. ते मोडलं होतं.

सुपरवायझर माझ्याकडे वळला. "तुम्ही शिकवलंत ना हिला?"

मी म्हणालो, "शिकवलं होतं, सर. घाई केली तिनं."

ती तोवर शेडपाशी आली होती. तिनं ऐकलं. मान खाली घालून म्हणाली, "हो सर. घाई झाली."

त्या क्षणी मला सगळं माहीत होतं. इथवर वाचणाऱ्यानं, मास्तरला मागाहून उमगलं असेल, असा समज करून घेऊ नये. गाडी सरळ गेली तेव्हा माझा डावा पाय शेडमधल्या जमिनीवर आपोआप दाबला गेला होता.

तिला घरी पोचवलं तेव्हा तिचे वडील म्हणाले, "मास्तर, तुम्ही तुमच्या परीनं केलंत. आमच्याच पोरीच्या पायात वारं." पुढे गावात तेच झालं. ट्रकवाले पुन्हा हसायला लागले. मी स्कूल चालवत राहिलो. तलासरीकडचं काम आलं तर दुसऱ्या मास्तरला पाठवायचो.

अडीच वर्षं गेली. २०१८ च्या पावसाळ्यानंतर उधव्याला एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी वास्तुशांत होती. दुपारी जेवून निघालो, तर गाडीची बॅटरी बसलेली. रस्त्यावर उभा होतो तेवढ्यात एक पिकअप थांबली. भारे लादलेले. आतून आवाज आला, "मास्तर, बसा."

बसलो. इकडचं तिकडचं बोलणं झालं. वडिलांचं ऑपरेशन झालं म्हणाली, दिसतं आता. "आता रोज मला सांगतात, गाडी कुठं कुठं घासली ते."

मग उतार लागला. तिनं गाडी चौथ्या गिअरमध्ये असतानाच क्लच दाबला आणि दाबूनच धरला. गवतानं भरलेली पिकअप उतारावर सुटली. क्लच दाबून उतार उतरणं म्हणजे बैल सोडून जू धरणं. गाडीला आवरायला इंजिन नाही, सगळा भार ब्रेकवर. दुसऱ्या वळणाला करपल्याचा वास आला.

"सविता, क्लच सोड. गिअर उतरव."

"नको, मास्तर."

"ब्रेक तापलेत. तिसऱ्यात टाक आणि सोड."

"खाली गेल्यावर टाकते, थांबल्यावर." तिचं लक्ष समोर होतं. "माझा पाय चांगला नाही. तुम्हीच बोललात ना तिथं. घाई होते माझी. तेव्हापासून मी उतारावर क्लच सोडतच नाय. कशाला उगाच?"

अडीच वर्षं ती अशी प्रत्येक उतार उतरत होती. भार लादून.

खाली सपाटीला मोरी होती. मी म्हणालो, गाडी थांबव. तिला वाटलं मला मळमळतंय. तिनं पाण्याची बाटली पुढे केली. मी बाटली हातात धरली आणि सांगितलं. केबल जुनी नव्हती. पेडल मागून येत होतं, कारण माझा पाय होता.

चाकांतून धूर निघत होता तो विरला.

"किती वेळा?" तिनं विचारलं.

"तिसऱ्या रविवारपासून, दर वेळी."

"एकदा पण काढला नाही?"

"नाही."

"मग मला येत होतं का नव्हतं?"

मी म्हणालो, "माहीत नाही. मी कधी बघूच दिलं नाही."

"तुम्ही गप्प राहिला असता तरी चाललं असतं," ती म्हणाली. "तिथं. बोलायची काय गरज होती?"

मी उतरू का, असं विचारलं. ती म्हणाली, "बसा. चालत कुठं जाणार?" आणि मला डहाणूपर्यंत आणून सोडलं. वाटेत प्रत्येक उताराला थांबली, थांबून दुसरा टाकला आणि गिअरात उतरली.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता ती स्कूलच्या दारात उभी होती. वडीलही बरोबर होते. "बाबांना मागे बसवा," म्हणाली. आम्ही त्याच प्लॉटच्या रस्त्यांवर गेलो. निम्म्या जागेवर आता कारखान्यांच्या भिंती उभ्या होत्या, पण एक रस्ता रिकामा होता. तिनं सीटबेल्ट लावला आणि मला म्हणाली, "पाय वर घ्या."

"म्हणजे?"

"मांडी घाला सीटवर. मला दिसली पाहिजे."

पन्नाशीतल्या माणसाला त्या सीटवर मांडी घालणं सोपं नाही. घातली. काही झालं तर ब्रेकही माझ्या पायाशी नव्हता. पहिल्या वेळी हिसका बसला. दुसऱ्या वेळी बसला. मागून वडील "अगं, अगं" करत होते. सहाव्या वेळेपर्यंत हिसकेच. माझा डावा पाय मांडीखाली दर वेळी दाबला जात होता, हे तिला दिसत नव्हतं. सातव्या वेळी तिनं टिचकी दिली, पाय उचलला, आणि काही झालं नाही. गाडी वळणात शिरली. काही न होणं हेच या तंत्राचं यश असतं. आठव्या वेळी पुन्हा हिसका. मग एकामागून एक पाच नीट झाले.

तिनं गाडी थांबवली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. वडिलांना त्याच वेळी मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या मास्तर, झालं ते झालं."

"बाबा, तुम्ही नका जाऊ देऊ," ती म्हणाली. "मनगट माझं मोडलं."

मी तिला विचारलं, मी काय करू? कंपनीला फोन करू? ती म्हणाली, करा. मी केला. सुपरवायझर तोच होता. "कोण सविता?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, आता त्या कामाला वयाची अट आहे, आणि चाचणी एकदाच. बरंय.

हे मी तिला कळवलं. तेव्हा ती घोलवडला खोके लादत होती. म्हणाली, "तिथं शेडमधे किती जण होते?"

"सात."

"सात जणांसमोर बोललात. आणि हे मला एकटीला मोरीवर सांगितलंत, बाबांना गाडीत. असं कसं, मास्तर? जास्त जणांना सांगा."

म्हणून हा लेख. २०१६ च्या त्या चाचणीत सवितानं घाई केली नव्हती. तिला जे शिकवलं गेलं, तेच तिनं केलं. पायाच्या कामाचा निम्मा भाग तिच्याकडे पोचलाच नव्हता. तो मी ठेवून घेतला होता. ती आजही पिकअप चालवते, उतार गिअरात उतरते. माझ्याशी बोलते, कामापुरतं. मी अजून शिकवतो. नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतो, आज क्लचवर माझा पाय आहे. ज्या दिवशी काढतो, त्या दिवशीही सांगतो. दोन-तीन जण हे ऐकून दुसऱ्या स्कूलला गेले.

छापायला देण्याआधी लेख तिला वाचून दाखवला. पिकअपच्या फळीवर बसून तिनं शेवटपर्यंत ऐकला. नाव बदलू का विचारलं तर म्हणाली, नको. मांजराचं बोलणंही ठेवा म्हणाली. एकाच जागी तिनं हात वर करून थांबवलं. केबलच्या उत्तराआधी मी "त्या वेळी चटकन जे सुचलं ते" असं लिहिलं होतं.

"चटकन?" ती म्हणाली. "दोन रविवार विचारलं मी."

ते शब्द काढले आहेत.